न पाहिलेली विहीर

मित्रांनो, मी एक जुना बस्ता आहे. पण तुम्ही खांद्याला अडकवून शाळेत नेता तसला नव्हे. दोन हात लांब, दोन हात रुंद असं मी एक लाल, जाड सुती कापड आहे. मुकदम्याचे कागद माझ्यात ठेवायचे, चारी टोकं दुमडायची आणि नाडीने आवळून गाठ मारायची, एवढंच माझं काम. आमच्या भागात तेव्हा निजामाचं राज्य होतं, कोर्टाची भाषा उर्दू होती. वकिलाच्या काखेत लाल बस्ता दिसला की रस्त्यावरची माणसं बाजूला होऊन सलाम करत. तो सलाम वकिलाला असे. पण त्यातला थोडा मी माझ्याकडेही ठेवून घेत असे.

हिंगोलीत हाजराबी नावाच्या विणकरणीच्या मागावर माझा जन्म झाला. ते साल १९३१. "कागदां बांधने का कपडा है, ढीला नक्को," असं म्हणत ती प्रत्येक ठोका घट्ट मारायची. शंकरसिंग वकिलांनी मला विकत घेतलं. त्यांचे आजोबा हिंगोलीच्या छावणीत घोडेस्वार होते, उत्तरेकडून आले आणि इथलेच होऊन गेले. नातू वकील झाला. उंच, सडसडीत अंगाचा माणूस. अंगात काळी शेरवानी, आणि काही बोलायच्या आधी घसा खाकरायची सवय. त्यांच्या पत्नी रूपाबाई. त्यांनी माझ्या कडा दुहेरी शिवून दिल्या आणि नाडीही लावली.

पहिली चार वर्षं मजेत गेली. शेताच्या बांधाचे दावे, दुकानाच्या भागीदारीचे दावे, वाटण्यांची भांडणं. शंकरसिंगांचं काम नेटकं. हात घालतील तो कागद पहिल्या झटक्यात वर येई. "बस्ता असावा तर असा," असं एकदा खुद्द मुन्सफसाहेब म्हणाले होते. मी फुगून गेलो होतो.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं तुम्हाला समजायचं नाही. खुनासारख्या गुन्ह्यात आरोपीला फाशीही होऊ शकते. अशा माणसाजवळ वकील लावायला पैसे नसले तर कोर्ट स्वतःच त्याला एक वकील देई, आणि त्या वकिलाची फी सरकार भरी. ही फी ठरायची कशी? वकील जितक्या वेळा कोर्टात उभा राहिला तितक्या 'पेशी' मोजायच्या. एका पेशीचा दर जजसाहेब ठरवून देत. मुकदमा संपला की एक छापील नमुना भरायचा. त्यात तीन रकाने होते: पेशी किती, दर किती, एकूण किती. साक्षीदार आला नाही म्हणून तारीख पुढे गेली, तर ती पेशी धरत नसत. जजसाहेबांना ताप आला तरी धरत नसत. तुरुंगात जाऊन आरोपीशी बोललात, त्याच्या गावी जाऊन जागा पाहिलीत, कागद वाचत बसलात, यातल्या कशालाच रकाना नव्हता.

ही बिलं जिल्ह्याच्या कोर्टात चाँद पाशा नावाचे कारकून तपासत. वाईट माणूस नव्हता तो. जाड चष्मा, बोटांना लाल शाई, आणि समोर नियमांचं एक पुस्तक. एका मुकदम्यात शंकरसिंग सेनगावकडे जाऊन जागा पाहून आले आणि त्या दिवसाची फी त्यांनी बिलात मागितली. चाँद पाशांनी त्या ओळीवर लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'गैरजरूरी सफर', म्हणजे विनाकारण प्रवास.

"मैं क्या करूं, वकीलसाब?" ते म्हणाले. "सरकार वकील देती सो कोर्ट में बोलने को देती. घूमने का खाना इच नहीं नमुने में."

खाना म्हणजे रकाना. शंकरसिंग हसले आणि सही करून बाहेर पडले. पण ती लाल रेघ त्यांना चांगलीच झोंबली होती, हे मला काखेत असताना कळलं. घरी येईपर्यंत त्यांनी मला इतकं दाबून धरलं होतं की आतल्या कागदांना सुरकुत्या पडल्या.

त्यानंतर वर्षभराने ग्यानबाचा मुकदमा आला.

आखाडा बाळापूरच्या पुढे दोन कोसांवर एक लहान वाडी आहे. ग्यानबा तिथे एका जमीनदाराच्या मळ्यात मोट हाकायचा. एके दिवशी सकाळी मालकाच्या धाकट्या भावाशी त्याची बोलाचाली झाली. तो भाऊ बैलांना आसुडाने फोडत होता, आणि ग्यानबाने त्याचा हात धरला. दुपार कलल्यावर तोच भाऊ मळ्याच्या विहिरीत मेलेला सापडला, डोक्याला मार लागलेला. ग्यानबा काठावर ओलाचिंब उभा होता. तो म्हणाला, "म्या बैलं पान्यावर नेली व्हती. आलो तं धाकले मालक पान्यात. म्या उडी घेतली." पण संतराम नावाचा दुसरा गडी खळ्यावर काम करत होता. त्याने सांगितलं की खळ्यावरून त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलं, ग्यानबाने धाकट्या मालकाला ढकललं.

ग्यानबाला वकील नव्हता. कोर्टाने शंकरसिंगांना नेमलं.

जिल्ह्याच्या तुरुंगात ते पहिल्यांदा भेटले तेव्हा मी दोघांच्या मधे होतो. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. मोटेचा नाडा ओढून ओढून हात लाकडासारखे झालेले. एका अर्जावर त्याचा अंगठा घेतला. शाई पुसायला काही नव्हतं, म्हणून त्याने भीत भीत तो माझ्या टोकाला पुसला. मग तो एवढंच म्हणाला, "साब, खळ्यावरनं हीर दिसतच न्हाई. तुमी एकदा येऊन बगा ना."

"येईन," शंकरसिंग म्हणाले.

मित्रांनो, ते खोटं बोलले नव्हते. त्यांना खरंच जायचं होतं. पण हिंगोलीहून तिथवर जायला कळमनुरीपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी; जाऊन येऊन दोन दिवस मोडत. पेशीच्या आधी एकच रिकामा रविवार उरला होता. त्याच रविवारी गोरेगावच्या एका शेठजींनी बोलावणं धाडलं, दुकानाच्या भागीदारीचं भांडण होतं. पंचवीस रुपये फी. शंकरसिंगांनी मला उचललं, दारापर्यंत गेले, थांबले. रूपाबाईंनी विचारलं, "काय विसरलं?"

"काही नाही," ते म्हणाले, आणि आम्ही गोरेगावला गेलो.

कोर्टात त्यांनी संतरामला विचारलं, "खळ्यावरून विहीर दिसते का?"

"दिसती की."

पटवाऱ्याने काढलेला नकाशा माझ्यातच होता. त्यात एका चौकोनात खळं होतं, एका गोलात विहीर, आणि मधे साठ पावलं कोरा कागद. शंकरसिंगांनी तो नकाशा बराच वेळ हातात धरला. पुढे काय विचारावं ते त्यांना सुचेना, कारण ती जागा त्यांनी पाहिलेलीच नव्हती. ते खाली बसले. आरोपीच्या कठड्यातून ग्यानबा म्हणाला, "साब, इचारा ना." शिपायाने त्याला गप्प केलं.

फाशी टळली, जन्मठेप झाली. वरच्या कोर्टातही नकाशाच गेला, जागा पाहायला कुणीच गेलं नाही. निकाल कायम झाला. फीचा नमुना भरला गेला. चार पेशी झाल्या होत्या. एकीला साक्षीदार आला नव्हता, म्हणून तीन धरल्या. नऊ हाली रुपये, म्हणजे निजामाच्या नाण्यातले. या बिलावर एकही लाल रेघ नव्हती. चाँद पाशा खूश होऊन म्हणाले, "ऐसा साफ बिल होना, वकीलसाब."

दोन वर्षं गेली. १९३७ च्या उन्हाळ्यात एक बाई शंकरसिंगांच्या ओसरीवर येऊन बसली. पायांत धूळ, डोक्यावर पदर, हातात काठी. ती ग्यानबाची बायको होती, सखुबाई. पाणी दिलं ते तिने घेतलं, आणि मग म्हणाली, "त्यो गेला. तुरुंगात ताप आला म्हने. चिठ्ठी आली, पाटलानं वाचून दावली."

शंकरसिंगांनी घसा खाकरला. 

"म्या भांडाया न्हाई आले," सखुबाई म्हणाली. "येकच इचारायचं व्हतं. त्यो भेटीला म्हनला व्हता, वकीलसाब बगाया येनार हाईत. म्या रोज वाटंकडं बगत व्हते. तुमी काहून आले न्हाई?"

मी समोरच टेबलावर होतो. एवढ्या वर्षांत त्या माणसाने मुन्सफांना, जजांना, बड्या सरकारी वकिलांना उत्तरं दिलेली मी ऐकली होती. त्या दिवशी उत्तर तोंडात होतं, पण ते त्या बाईसमोर उच्चारायचं कसं? जाण्याला रकाना नव्हता, म्हणून? शेठजींचे पंचवीस रुपये होते, म्हणून?

ते उठले, पायांत जोडा घातला आणि म्हणाले, "चल. आज येतो."

सखुबाईने त्यांच्याकडे पाहिलं. "आता?" ती म्हणाली. एवढा एकच शब्द. पण ती उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या मळ्यात पोचलो. शंकरसिंग खळ्यावर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी नकाशा उलगडला. मग मान वर करून पाहिलं. समोर मुरमाचा पुरुषभर उंच ढिगारा होता. पूर्वी कधी विहीर खणली तेव्हा निघालेला मुरूम तिथेच टाकलेला, त्यावर तरवडाची झुडपं वाढलेली. ढिगाऱ्याच्या डोक्यावरून मोटेच्या चाकाचं वरचं लाकूड तेवढं दिसत होतं.

"विहीर कुठे आहे?"

"त्या ढिगाऱ्याच्या पल्याड," सखुबाई म्हणाली.

पटवाऱ्याने अंतर बरोबर मोजलं होतं. साठ पावलंच होती. पण कागद सपाट असतो, मित्रांनो. त्यावर मुरूम उगवत नाही. आणि तो सपाट कागद इतके दिवस मीच पोटाशी धरून कोर्टात नेत होतो, आणत होतो. शंकरसिंग त्या ढिगाऱ्याला हात टेकून किती वेळ उभे होते ते मला सांगता येणार नाही. उन्हाने माझी नाडी तापून कडक झाली होती.

त्या दिवसापासून आमच्या घरात आणखी कुणीतरी राहायला आलं. दिसत कुणी नव्हतं. पण शंकरसिंग जेवताना मधेच थांबत आणि दाराकडे पाहत. कोर्टात बोलता बोलता मान वळवून रिकाम्या कठड्याकडे पाहत. तिथून कुणीतरी 'इचारा ना' म्हटल्यासारखं. रूपाबाईंनी मला खारात घालून धुवायला काढलं तेव्हा ते म्हणाले, "त्याला पाणी लावू नकोस." माझ्या टोकावरची अंगठ्याची शाई काळी होती ती करडी झाली, पण राहिली. ग्यानबाचे कागदही त्यांनी माझ्यातून कधी काढले नाहीत. नवे मुकदमे आले, संपले, त्यांचे कागद कपाटात गेले. ग्यानबाचे सर्वांत खाली तसेच राहिले. मी आधीपेक्षा जड झालो होतो. कागदांच्या मानाने फारच जड.

आणि कोर्टाने सोपवलेल्या प्रत्येक मुकदम्यात ते आता आरोपीच्या गावी जाऊ लागले. स्वतःच्या खर्चाने. कुरुंद्याला गेले, सेनगावच्या डोंगराकडे गेले, कयाधूच्या काठच्या झाडीत फिरले. परत येऊन बिलात एक ओळ लिहायचे: मौक्याची पाहणी, एक दिवस. मौका म्हणजे जिथे घडलं ती जागा. चाँद पाशा त्या ओळीवर लाल रेघ मारायचे. पुन्हा पुढच्या बिलात तीच ओळ, पुन्हा तीच रेघ.

१९४१ साली लतीफ नावाच्या एका पिंजाऱ्यावर खुनाचा आरोप आला. त्याच्या दुकानामागे एक व्यापारी मेलेला सापडला होता. तुरुंगात त्याला भेटल्यावर शंकरसिंग म्हणाले, "ग्यानबा, मी येतो. उद्याच येतो."

लतीफने इकडेतिकडे पाहिलं. "साब, ग्यानबा कौन? मेरा नाम लतीफ है."

शंकरसिंगांनी हातातल्या कागदावरचं नाव पुन्हा वाचलं. पहिल्यांदाच झालं होतं असं नाही. गेल्या तीन आरोपींना त्यांनी याच नावाने हाक मारली होती. त्या बिचाऱ्यांनी भीतीने उलट विचारलं नव्हतं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी ते लतीफच्या दुकानी गेले. साक्षीदार म्हणत होता, मागच्या दाराने लतीफला पळताना पाहिलं. त्या दाराला आतून कापसाचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते, आणि त्यांच्यावर वर्षभराची धूळ होती. त्यांनी जजसाहेबांना अर्ज केला, अमीन, म्हणजे कोर्टाचा पाहणी करणारा माणूस, सोबत नेऊन ते दार त्याला दाखवलं. लतीफ सुटला. बाहेर आल्यावर तो शंकरसिंगांच्या पाया पडायला वाकला, तर ते मागे सरकले.

"माझ्या नको पडू," ते म्हणाले. "तू दुसऱ्या कुणाच्या तरी जागी सुटलास."

लतीफला काही समजलं नाही. मला समजलं.

त्या मुकदम्याचं बिल गेलं. चाँद पाशांनी लाल रेघ मारली. पण या वेळी शंकरसिंगांनी सही केली नाही. जजसाहेबांकडे तक्रारीचा अर्ज केला: मौक्याची पाहणी हे वकिलाचं काम आहे, त्याला फी असली पाहिजे. स्वतः गेले तो एक दिवस आणि अमिनासोबत गेले तो एक, असे दोन दिवसांचे सहा रुपये. या सहा रुपयांचं भांडण तीन वर्षं चाललं. तारखा पडल्या, पुढे गेल्या. हिंगोलीहून रेल्वेने निघायचं, पूर्णेला गाडी बदलायची, जिल्ह्याच्या कोर्टात बसायचं, नवी तारीख घेऊन परत यायचं. बाररूममधले वकील हसत. "सिंगसाहेब, सहा रुपये आम्ही वर्गणी काढून देतो," कुणीतरी म्हणे. रूपाबाई एकदा रागावून म्हणाल्या, "तिकिटातच साठ गेले असतील. कुणाशी भांडता एवढं?" त्यांनी पुढच्या तारखेचा कागद माझ्यात ठेवला आणि नाडी आवळली.

१९४४ च्या हिवाळ्यात शेवटी सुनावणी झाली. जजसाहेब म्हातारे, शांत गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "वकीलसाहेब, या रकमेचं तुम्हाला एवढं काय आहे?"

शंकरसिंगांनी घसा खाकरला. मला उघडलं, अगदी तळातून ग्यानबाचे कागद काढले आणि टेबलावर ठेवले. मग त्यांनी सगळं सांगितलं. तुरुंगातलं बोलणं, गोरेगावचा रविवार, मुरमाचा ढिगारा, तुरुंगातला ताप. 

"हुजूर, रकाना नव्हता म्हणून मी गेलो नाही, असं मी म्हणत नाही. मी गेलो नाही तो माझा गुन्हा. पण रकाना नसला की माणसाला न जायला सबब मिळते. माझ्यानंतर येणाऱ्या वकिलाला ती सबब मिळू नये."

सरकारी वकील उभे राहिले. हुशार होते. "म्हणजे त्या मुकदम्यात तुम्ही काम केलं नाही, हे कबूल? मग नऊ रुपये फी घेतलीत ती कशाची?"

मला वाटलं, आता ते काहीतरी कायद्याचं बोलतील. ते म्हणाले, "उभं राहण्याची, हुजूर. नुसतं उभं राहण्याची. ते नऊ रुपये मी आणलेत. परत घ्यावेत."

जजसाहेबांनी चाँद पाशांकडे पाहिलं. चाँद पाशांनी नियमांचं पुस्तक उघडलं, पानं चाळली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "हुजूर, वकील से फी वापस लेने का भी खाना नहीं है."

"शंकरसिंग," जजसाहेब म्हणाले, "हे सगळं मुकदम्याच्या कागदांत, मिसलीत लिहिलं गेलं तर तुमच्या वकिलीच्या सनदेवर येईल. विचार करा."

"लिहून घ्यावं."

लिहिलं गेलं. पंधरा दिवसांनी निकाल आला. जुने सहा रुपये नामंजूर, कारण तेव्हाच्या नियमात ते बसत नव्हते. पण इथून पुढे फाशीच्या गुन्ह्यात कोर्टाने आरोपीला दिलेल्या वकिलाला मौक्याच्या पाहणीचा एक दिवस धरावा, अर्ध्या पेशीच्या दराने. आणि शंकरसिंगांची सनद सहा महिने बंद.

नवे नमुने छापून यायला उशीर होता. चाँद पाशा पट्टी घेऊन बसले आणि जुन्या शंभरेक नमुन्यांवर त्यांनी हाताने चौथा रकाना आखला. लाल नव्हे, काळ्या शाईने. शंकरसिंग निरोप घ्यायला गेले तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, "वो साफ बिल, वकीलसाब... मैं इच पास किया था."  चहा आला, तो निवून गेला.

मग शंकरसिंग ते नऊ रुपये घेऊन वाडीवर आले. सखुबाई आता वाकली होती, एक डोळा अधू झाला होता. त्यांनी पैसे पुढे केले. तिने हात पदराखाली घेतले.

"ह्ये काहून देऊन राहिले? ह्याचं म्या काय करू?"

"मग काय करू मी, बाई? सांग."

तिने काठीने खळ्याच्या दिशेला दाखवलं. "गावाला बोलवा," ती म्हणाली. "खळ्यावर हुबं करा. संतरामलाबी."

संध्याकाळ व्हायच्या आत पंधरा-वीस माणसं खळ्यावर जमली. पाटील आले. संतराम आला, त्याचे केस पांढरे झाले होते, तो कडेला उभा राहिला. शंकरसिंग मला काखेत धरून त्यांच्यातच उभे होते. सखुबाई काठी टेकत टेकत निघाली. ढिगाऱ्याला वळसा घालून पलीकडे गेली. काठीचा आवाज दगडावर आला, म्हणजे ती विहिरीच्या काठावर पोचली होती.

मग पलीकडून तिचा आवाज आला.

"म्या दिसून राहिले का?"

सगळ्यांनी ढिगाऱ्याकडे माना वळवल्या. तरवडाची पिवळी फुलं हलत होती. त्यांच्यापलीकडे आभाळ होतं.

"ओ संतराम! म्या दिसून राहिले का?"

मित्रांनो, मी कापड आहे, मला काटा येत नाही. पण शंकरसिंगांनी मला काखेतून काढून छातीशी धरलं. तो आवाज एका बाईचा होता, तरी खळ्यावरच्या प्रत्येकाने तो दुसऱ्याच कुणाचा म्हणून ऐकला. पाटलांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला.

संतराम खाली बसला. "न्हाई," तो म्हणाला. मग ओरडून म्हणाला, "न्हाई दिसत, वहिनी!" आणि जमिनीकडे पाहत बोलत राहिला. "मोठ्या मालकानं इचारलं, तू पाह्यलं ना? म्या व्हय म्हनून गेलो. येकदा व्हय म्हनल्यावर मागं फिरता येईना. म्या त्या अंगाला धा वर्सं पाऊल न्हाई टाकलं."

सखुबाई परत आली तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती शंकरसिंगांसमोर येऊन म्हणाली, "आता त्याचे कागद मला द्या."

त्यांनी कागद काढून द्यायला माझी नाडी सोडली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा गाठ मारली आणि मला सगळ्यासकट तिच्या हातात ठेवलं.

तेव्हापासून मी सखुबाईच्या झोपडीत एका खुंटीवर आहे. आता १९४८ साल सरत आलं आहे. सप्टेंबरात राज्य बदललं. तालुक्याच्या गावी उर्दू कागदांचे ढीग रद्दीच्या भावाने विकले जात आहेत, बाजारात भुईमुगाच्या शेंगांना त्यांच्या पुड्या लागत आहेत. परवा कुणीतरी सखुबाईला म्हणालं, "आजी, ह्ये आता कोन वाचनार? चुलीला घाल." आता तिला दिसत नाही. तिने हात वर करून मी खुंटीवर आहे का ते चाचपलं आणि म्हणाली, "राहू दे. माह्या घरचं मानूस हाय."

उंदरांनी माझी एक कड खाल्ली आहे. रंग उडाला आहे. पूर्वीसारखा सलाम मला आता कुणी करत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. एकच मागणं आहे. तुमच्या घरी माळ्यावर, कपाटाच्या तळाशी असलं एखादं बांधलेलं गाठोडं सापडलं, तर ते रद्दीत देण्याची घाई करू नका. गाठ सोडा. वाचता येत नसेल तर वाचणारा शोधा. आणि त्यात एखाद्या माणसाविषयी काही वाईट लिहिलेलं आढळलं, तर मित्रांनो, तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. ते जिथे घडलं तिथे जा. लांब असेल, ऊन असेल, कुणी तुम्हाला त्याचं काही देणार नाही. तरी जा, आणि तो माणूस जिवंत आहे तोवरच जा.